वॉल्ट डिस्नी : जन्मकथेचा वाद आणि हलत्या चित्रांचे शास्त्र

मिकी नावाचा उंदीर ठाऊक नाही असा शाळकरी विद्यार्थी आज क्वचितच आढळेल. या उंदराबरोबर ज्याचे नाव कायमचे जोडले गेले तो वॉल्ट डिस्नी मात्र खरोखर कोठला, कोणाच्या पोटी जन्मलेला, याविषयी अनेक वर्षे वाद होत आला आहे. एका पक्षाचे म्हणणे असे की, तो अमेरिकेतील शिकागो शहरात एका सुताराच्या घरी जन्मला. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, त्याचा जन्म दक्षिण स्पेनमधील एका डोंगराळ खेड्यात झाला आणि डिस्नी दांपत्याने त्याला केवळ दत्तक घेतले.

थोर पुरुषांविषयी दंतकथा निर्माण होणे ही काही नवी गोष्ट नव्हे. आपल्याकडेही अनेक संतकवींच्या जन्मस्थानांविषयी दोन-दोन गावांचे दावे ऐकू येतात. परंतु येथे ज्या पुरुषाचा प्रश्न आहे तो विसाव्या शतकात, छापखाने, सरकारी दप्तरे व छायाचित्रे यांच्या युगात वावरलेला आहे. अशा माणसाच्या जन्माविषयीही संशय कसा उत्पन्न होतो आणि तो फेडण्याचा शास्त्रीय मार्ग कोणता, हे पाहणे उद्बोधक ठरेल. शिवाय, वाद डिस्नीच्या जन्माचाच आहे असे नाही. मिकीचा जनक कोण, हलत्या चित्रांच्या कलेचा आरंभ कोणी केला, याही प्रश्नांची प्रचलित उत्तरे तपासून पाहावी लागतात.

शिकागोतील घर

डिस्नी घराण्याचा मागोवा घेता तो आयर्लंडपर्यंत पोहोचतो. वॉल्टचा पणजोबा अरंडेल एलायस डिस्नी हा १८३४ मध्ये आयर्लंड सोडून अटलांटिक महासागरापलीकडे गेला. त्याच्या वंशजांनी कॅनडातील आँटॅरिओ प्रांतात शेती केली आणि तेथेच १८५९ मध्ये वॉल्टचा पिता एलायस याचा जन्म झाला. फ्रान्सच्या किनाऱ्यावरील इझिन्यी या गावावरून ‘डिस्नी’ हे आडनाव आले, अशी त्या कुटुंबात परंपरा आहे.

एलायसने १८८८ मध्ये फ्लोरा कॉल या शिक्षिकेशी विवाह केला व पुढे तो शिकागोस आला. तेथे १८९३ मध्ये भरलेल्या जागतिक प्रदर्शनाच्या उभारणीत त्याने सुतारकाम केले. त्याच वर्षी ट्रिप अॅव्हेन्यू या रस्त्यावर त्याने आपल्या हातांनी लाकडी घर बांधले. त्याचा आराखडा फ्लोराने काढला होता असे सांगतात. या घरात ५ डिसेंबर १९०१ रोजी दांपत्याचा चौथा मुलगा जन्मला. ८ जून १९०२ रोजी जवळच्या चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला. तेथील धर्मोपदेशक वॉल्टर पार हा एलायसचा मित्र होता. त्याच्या नावावरून मुलाचे नाव वॉल्टर ठेवण्यात आले. १९०३ मध्ये रूथ ही धाकटी बहीण जन्मली. हर्बर्ट, रेमंड आणि रॉय हे तिघे वडील बंधू होते. यांपैकी रॉय पुढे वॉल्टचा आयुष्यभराचा भागीदार झाला.

स्पेनमधील दंतकथा

स्पेनच्या आल्मेरिया प्रांतात भूमध्य समुद्राकडे पाहणाऱ्या टेकडीवर मोहाकार नावाचे पांढऱ्या घरांचे गाव आहे. तेथे सांगितली जाणारी कथा थोडक्यात अशी : गावातील एका तरुण स्त्रीला एका प्रतिष्ठित गृहस्थापासून पुत्र झाला. त्याचे नाव खोसे गिराओ. लोकापवादाच्या भयाने ती मुलाला घेऊन अमेरिकेस गेली आणि तेथे तिने तो डिस्नी कुटुंबाच्या स्वाधीन केला. तोच पुढे वॉल्ट डिस्नी झाला. पुढे काही अमेरिकन गृहस्थ गावात आले, त्यांनी चर्चच्या दप्तरात खोसे गिराओच्या जन्माची नोंद शोधली आणि त्यानंतर ती नोंद नाहीशी झाली, अशीही पुस्ती या कथेला जोडलेली आहे.

ही कथा १९४० च्या सुमारास स्पेनमध्ये छापील रूपात आली. १९६० नंतरच्या दशकात मोहाकार हे प्रवाशांचे आवडते ठिकाण होऊ लागले, तेव्हा गावच्या मानबिंदूंत तिची भर पडली. १९९३ मध्ये मार्क इलियट या लेखकाने डिस्नीचे एक चरित्र प्रसिद्ध केले. आपल्या जन्माविषयी खुद्द डिस्नीलाच शंका होती, असे त्यात सूचित केल्यामुळे ही दंतकथा इंग्रजी वाचणाऱ्या जगातही पसरली.

या कथेला बळ मिळाले ते प्रामुख्याने एका उणिवेमुळे. १९१८ मध्ये वॉल्टला पारपत्रासाठी जन्माचा दाखला हवा होता; परंतु शिकागोच्या दप्तरात त्याच्या जन्माची नियमित नोंद मिळाली नाही, असे सांगितले जाते. ज्याचा दाखला नाही त्याचा जन्म संशयास्पद, असा तर्क लोकांनी चालविला.

पुराव्याचा अभाव आणि अभावाचा पुरावा

या तर्कातील दोष नीट समजून घेतला पाहिजे. एखादी नोंद न सापडणे या गोष्टीला महत्त्व केव्हा येते? ती नोंद सामान्यतः सापडावयास हवी होती असे असेल, तेव्हाच. इलिनॉय राज्यात जन्म-मृत्यूंची सक्तीची, राज्यव्यापी नोंदणी १९१६ मध्ये सुरू झाली. तत्पूर्वी जन्म घरीच होत आणि सुईण किंवा डॉक्टर यांनी कचेरीत कळविले तरच नोंद होई. १९०१ मधील शिकागोत असंख्य मुलांची नोंद झालेली नव्हती. आपल्या देशातही ज्यांची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावरूनच ठाऊक आहे अशी वयोवृद्ध माणसे घरोघरी आहेत. त्यांच्या आईबापांविषयी कोणी शंका घेत नाही.

घराच्या पत्त्याचीही अशीच गोष्ट आहे. जुन्या कागदांत डिस्नीच्या घराचा क्रमांक १२४९ असा आढळतो, तर आज ते घर २१५६ या क्रमांकाचे म्हणून ओळखले जाते. यात गूढ काहीच नाही. १९०९ मध्ये शिकागो नगरपालिकेने शहरातील घरांना नव्याने क्रमांक दिले.

आता दोन्ही पक्षांचा पुरावा तराजूत घालून पाहू. शिकागोच्या बाजूला बाप्तिस्म्याचा दिनांक, त्या घरातील कुटुंबाचे वास्तव्य, आईवडील व भावंडे यांच्या साक्षी आणि खुद्द डिस्नीचे आयुष्यभराचे सांगणे आहे. मोहाकारच्या बाजूला गावकऱ्यांच्या आठवणी आहेत. त्यांतील तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात. पाहुण्यांच्या भेटीचे वर्षसुद्धा एक नाही. ज्या कागदाने ही कथा सिद्ध व्हावी तो नष्ट झाला, असे म्हटले जाते. स्पेनमधील १९३६ ते १९३९ च्या यादवी युद्धात अनेक चर्चची दप्तरे जळाली हे खरे. परंतु जळालेल्या दप्तरात आपल्याला हवी तीच नोंद होती, असे मानता येत नाही. ज्या सिद्धांताविरुद्ध पुरावा मिळणेच शक्य नाही, कारण पुरावा नाहीसा होणे हाच त्या सिद्धांताचा आधार, त्याला शास्त्रात स्थान नसते. म्हणून डिस्नीचा जन्म शिकागोत एलायस व फ्लोरा यांच्या पोटी झाला, हाच निष्कर्ष ग्राह्य धरला पाहिजे.

१९१८ च्या त्या प्रसंगात थोडी खाडाखोड झाली होती, हेही सांगितले पाहिजे. पहिल्या महायुद्धात रेड क्रॉसच्या रुग्णवाहिका पथकात जाण्यासाठी वय सतरा वर्षे असणे आवश्यक होते. वॉल्ट सोळा वर्षांचा होता. वडिलांनी संमती नाकारली, तेव्हा आईने सही केली आणि वॉल्टने जन्मसाल १९०१ चे १९०० केले. एका उतावळ्या मुलाने केलेल्या या लबाडीने पुढे संशयाला खाद्य पुरविले.

घडणीची वर्षे

१९०६ मध्ये हे कुटुंब मिझुरी राज्यातील मार्सलीन या लहान गावी शेतीसाठी गेले. तेथील चार-पाच वर्षे वॉल्टच्या मनावर कायमची कोरली गेली. शेतातील जनावरे, सफरचंदाची झाडे आणि गावावरून धडधडत जाणारी आगगाडी त्याच्या पुढील चित्रपटांत वारंवार दिसतात. १९११ मध्ये शेती सोडून कुटुंब कॅन्सस सिटीस आले. वडिलांनी वर्तमानपत्रे वाटण्याचा मक्ता घेतला आणि वॉल्टला पहाटेच्या अंधारात उठून, हिवाळ्यात बर्फ तुडवीत घरोघर अंक टाकावे लागत. हे काम त्याने सुमारे सहा वर्षे केले. वर्गात त्याला झोप येई, यात नवल नाही.

फ्रान्समधून १९१९ मध्ये परतल्यावर तो कॅन्सस सिटीत एका जाहिरात-चित्रशाळेत लागला. तेथे त्याला त्याच्याच वयाचा अब आयवर्क्स हा अतिशय कुशल चित्रकार भेटला. पुढे दोघेही पडद्यावरील जाहिराती तयार करणाऱ्या एका कंपनीत गेले. तेथे कागदी बाहुल्यांचे अवयव थोडेथोडे हलवून छायाचित्रे घेत. वॉल्टचे समाधान होईना. शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात त्याला एडविन लट्झ याचे व्यंगपट कसे तयार करावेत हे सांगणारे, १९२० मध्ये प्रसिद्ध झालेले पुस्तक सापडले. एडवर्ड मायब्रिज याने घेतलेली, धावत्या माणसांची व प्राण्यांची क्रमवार छायाचित्रेही त्याने अभ्यासली. या विद्येचे महाविद्यालय तेव्हा कोठेच नव्हते. कॅन्सस सिटीचे सार्वजनिक ग्रंथालय हीच डिस्नीची शाळा ठरली.

१९२२ मध्ये काढलेली त्याची पहिली चित्रपटसंस्था १९२३ मध्ये दिवाळखोरीत निघाली. त्याच वर्षी तो हॉलिवूडला गेला आणि १६ ऑक्टोबर १९२३ पासून रॉयसह त्याने नवा धंदा सुरू केला.

चित्रे हलतात कशी?

पुढील वाद समजण्यासाठी या कलेचे मूळ तत्त्व पाहू. पडद्यावर काहीच हलत नसते. तेथे एका सेकंदात चोवीस स्थिर चित्रे एकामागून एक येतात. दोन चित्रांच्या मध्ये प्रकाश झाकला जातो. किंबहुना प्रत्येक चित्र बहुधा दोनदा दाखविले जाते, त्यामुळे प्रकाशाची लुकलुक जाणवत नाही. डोळ्याच्या पडद्यावर प्रतिमा क्षणभर रेंगाळते म्हणून गती दिसते, असे जुन्या पुस्तकांत सांगितलेले असे. तेवढ्यानेच काम झाले असते तर चित्रे एकमेकांत मिसळून केवळ धूसर डाग दिसला असता. गतीचा बोध हा मेंदूचा व्यापार आहे. १९१२ मध्ये माक्स वेर्टहायमर या मानसशास्त्रज्ञाने प्रयोगांनी दाखविले की, दोन ठिकाणच्या स्थिर आकृती योग्य अंतराने एकामागून एक दाखविल्या तर पाहणाऱ्याला एकच आकृती सरकताना दिसते.

यावरून कामाचा व्याप लक्षात येईल. दहा मिनिटांच्या चित्रपटात १४,४०० चौकटी असतात. एकेक चित्र दोन चौकटींसाठी वापरले, तरीही ७,२०० चित्रे लागतात. प्रत्येक वेळी पार्श्वभूमीही नव्याने काढावयाची म्हटले तर आयुष्य पुरणार नाही. १९१४ मध्ये अर्ल हर्ड याने यावर उपाय काढला. हलणारी पात्रे सेल्युलॉइडच्या पारदर्शक पत्र्यावर काढावयाची आणि खाली स्थिर पार्श्वभूमी ठेवावयाची. ही पद्धत शतकाच्या अखेरीपर्यंत, संगणक येईतोवर, जगभर चालली.

मिकीचा जनक कोण?

१९२७ मध्ये डिस्नीच्या चित्रशाळेने ऑस्वाल्ड नावाचा ससा लोकप्रिय केला. परंतु सशाचे हक्क वितरकाकडे होते. १९२८ मध्ये वितरकाने तो ससाही घेतला आणि बहुतेक चित्रकारही फोडले. आयवर्क्स मात्र डिस्नीबरोबर राहिला. या संकटातून मिकीचा जन्म झाला.

डिस्नीने पुढे अनेकदा सांगितलेली हकीकत अशी की, न्यूयॉर्कहून परतताना आगगाडीत त्याला उंदराची कल्पना सुचली. त्याने नाव मॉर्टिमर ठेवले होते, पण पत्नी लिलियनला ते रुचले नाही म्हणून मिकी झाले. हा प्रसंग त्याने वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या रंगांत सांगितला आहे. चित्र काढण्याच्या बाबतीत मात्र संशोधकांत फारसा मतभेद नाही. मिकीची प्रत्यक्ष आकृती आयवर्क्सने बांधली आणि त्याचा पहिला चित्रपट जवळजवळ एकट्या आयवर्क्सने काढला. तो दिवसाला सुमारे ७०० चित्रे काढी असे सांगतात. मिकीचे डोके, कान व पोट वर्तुळांचेच बनलेले आहे, कारण वर्तुळ कोणत्याही बाजूने तेच दिसते आणि भराभर काढता येते.

मग डिस्नीचे काय? त्याने मिकीचा स्वभाव घडविला, अनेक वर्षे त्याला आपला आवाज दिला आणि मुख्य म्हणजे ध्वनीचे महत्त्व ओळखले. ‘स्टीमबोट विली’ हा सात-आठ मिनिटांचा बोलपट १८ नोव्हेंबर १९२८ रोजी न्यूयॉर्कच्या कॉलनी नाट्यगृहात प्रदर्शित झाला. चित्र आणि संगीत यांचा मेळ घालण्याची त्यातील युक्ती शुद्ध गणिताची होती. विल्फ्रेड जॅक्सन या तरुण सहकाऱ्याने मेट्रोनोम हे ताल दाखविणारे यंत्र आणून हिशेब मांडला. फिल्म सेकंदाला चोवीस चौकटी धावते. संगीताची लय मिनिटाला १२० मात्रांची असेल तर सेकंदाला दोन मात्रा पडतात, म्हणून दर बाराव्या चौकटीवर एक मात्रा आली पाहिजे. त्याप्रमाणे चित्रे काढली की पाऊल आणि ढोल एकाच क्षणी पडतात.

हा पहिला बोलका व्यंगपट होता असे पुष्कळदा लिहिले जाते. तेही खरे नाही. मॅक्स फ्लायशर याने १९२४ पासूनच ध्वनियुक्त व्यंगपट काढले होते. डिस्नीचे श्रेय आरंभाचे नसून सफाईचे आहे. आयवर्क्स १९३० मध्ये डिस्नीला सोडून गेला. १९४० मध्ये तो परतला आणि तांत्रिक संशोधनात त्याने मोठे काम केले. १९६१ च्या ‘वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स’ या चित्रपटात चित्रकारांच्या रेषा थेट सेल्युलॉइडवर उतरविणारी जी प्रतिलेखन-पद्धत वापरली, ती त्याने सिद्ध केली होती. परंतु जगाच्या स्मृतीत मिकीबरोबर एकच नाव राहिले.

आद्य कोण?

कलेच्या आरंभाचा शोध घेऊ लागलो तर डिस्नीच्या पूर्वी एक लांबलचक परंपरा दिसते. २८ ऑक्टोबर १८९२ रोजी, म्हणजे ल्यूमिएर बंधूंच्या चलच्चित्रांपूर्वी तीन वर्षे, एमिल रेनो याने पॅरिसमध्ये हाताने रंगविलेल्या चित्रपट्ट्या पडद्यावर चालवून दाखविल्या. १९०६ मध्ये स्टुअर्ट ब्लॅकटन याने अमेरिकेत फळ्यावरील खडूच्या चेहऱ्यांना हालचाल दिली. १९०८ मध्ये फ्रान्समध्ये एमिल कोल याने सुमारे ७०० रेखाचित्रांचा ‘फँटासमॅगोरी’ काढला. १९१४ मध्ये विन्सर मकेने ‘गर्टी’ नावाची डायनोसॉर मादी पडद्यावर आणली, आणि प्रेक्षकांना प्रथमच एका रेखाचित्राला स्वभाव असल्याचे जाणवले.

‘स्नो व्हाइट’ हा पहिला दीर्घ व्यंगपट ही समजूतही तपासून पाहावी लागते. इटलीत जन्मलेल्या किरीनो क्रिस्तियानी याने अर्जेंटिनात १९१७ मध्ये ‘एल आपोस्तोल’ हा दीर्घ व्यंगपट काढला. त्याच्या प्रती आगीत जळाल्या. जर्मनीत लोटे रायनिगर या स्त्रीने काळ्या कागदाच्या आकृती कात्रीने कापून ‘राजपुत्र अहमदची साहसे’ हा चित्रपट १९२६ मध्ये पूर्ण केला. तो आजही पाहावयास मिळतो. म्हणजे ‘स्नो व्हाइट’ला सेल्युलॉइडवर चितारलेला पहिला दीर्घ चित्रपट म्हणणे योग्य, सरसकट पहिला म्हणणे अयोग्य.

सात बुटके आणि सात स्तर

‘स्नो व्हाइट’ची थोरवी मात्र यामुळे कमी होत नाही. २१ डिसेंबर १९३७ रोजी लॉस एंजलिसमध्ये तो प्रथम दाखविला गेला. सुमारे १५ लाख डॉलर खर्चून तयार झालेल्या या त्र्याऐंशी मिनिटांच्या चित्रपटाला हॉलिवूडमधील जाणकारांनी आधी ‘डिस्नीचा वेडेपणा’ ठरविले होते. १९३९ मध्ये त्यासाठी डिस्नीला एक मोठी व सात लहान प्रतिमा असलेले खास ऑस्कर पारितोषिक देण्यात आले.

यात बहुस्तर कॅमेऱ्याचा उपयोग केलेला होता. आगगाडीच्या खिडकीतून बाहेर पाहताना तारेचे खांब झरकन मागे पडतात, दूरचे डोंगर संथपणे सरकतात आणि चंद्र तर आपल्याबरोबरच येत आहे असे वाटते, हा अनुभव सर्वांचा आहे. यालाच पराशय म्हणतात. मेंदू यावरूनही अंतराचा अंदाज घेतो. सपाट कागदावरील चित्राजवळ कॅमेरा नेला तर झाडाबरोबर चंद्रही मोठा होतो आणि देखावा खोटा वाटतो. म्हणून चित्राचे भाग वेगवेगळ्या काचांवर काढून काचा एकाखाली एक ठेवल्या जात, कॅमेरा वरून खाली रोखला जाई आणि प्रत्येक काच वेगळ्या गतीने सरकविली जाई. डिस्नीच्या यंत्रात असे सात स्तरांपर्यंत सोय होती. ‘द ओल्ड मिल’ या १९३७ मधील लघुपटात त्याचा प्रथम वापर झाला. तथापि, एकावर एक काचांचे स्तर रायनिगरने आधीच वापरले होते आणि आयवर्क्सनेही स्वतंत्रपणे असे यंत्र बांधले होते.

या चित्रपटामागे शेकडो हात होते. सेल्युलॉइडवर शाईने रेषा उतरविणाऱ्या व रंग भरणाऱ्या बहुतेक स्त्रिया होत्या. त्यांची नावे पडद्यावर आली नाहीत. श्रेय व वेतन यांविषयीची नाराजी साचत गेली आणि मे १९४१ मध्ये डिस्नीच्या चित्रशाळेत मोठा संप झाला. डिस्नीने तो वैयक्तिक अपमान मानला. ज्या माणसाच्या हातून वितरकाने एके काळी ससा हिरावला होता, त्याच्याच चित्रकारांना आता आपल्या कामावर आपले नाव हवे होते, हे त्याला उमगले नाही.

शिक्षक आणि दंतकथाकार

डिस्नीने चित्रपटाचा उपयोग शिक्षणासाठीही केला. १९४३ मध्ये त्याने मलेरियाच्या डासाविरुद्ध लोकशिक्षण करणारा एक लघुपट काढला. त्यात ‘स्नो व्हाइट’मधील सात बुटके डबकी बुजवितात व मच्छरदाण्या बांधतात. १९५५ मध्ये त्याने दूरचित्रवाणीवर अंतराळप्रवासाविषयी आणि १९५७ मध्ये अणुशक्तीविषयी कार्यक्रम सादर केले.

परंतु त्याच संस्थेने एक असत्यही जगभर पसरविले. १९५८ च्या ‘व्हाइट विल्डरनेस’ या ऑस्कर विजेत्या निसर्गपटात लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी झुंडीने कड्यावरून उडी घेऊन आत्मनाश करताना दाखविले आहेत. लेमिंग आत्महत्या करीत नाहीत. १९८२ मध्ये कॅनडाच्या दूरचित्रवाणीने केलेल्या चौकशीत उघड झाले की, ते दृश्य समुद्रापासून दूर असलेल्या आल्बर्टा प्रांतात, बाहेरून आणलेल्या प्राण्यांवर बनावट रीतीने चित्रित केलेले होते. आजही अनेक सुशिक्षित माणसे लेमिंगांच्या सामुदायिक आत्महत्येचा दाखला देतात. डोळ्यांनी पाहिलेले चित्र हा पुरावा नव्हे, हे चित्रे हलविणाऱ्याच्या कथेतून शिकावे लागते.

डिस्नी १५ डिसेंबर १९६६ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण पावला. जन्माप्रमाणे मृत्यूभोवतीही अफवा उठली : त्याचा देह भविष्यात जिवंत करण्यासाठी गोठवून ठेवला आहे. वस्तुस्थिती अशी की, दोन दिवसांनी त्याच्यावर दहनसंस्कार झाले आणि मनुष्यदेह गोठवून ठेवण्याची पहिली घटना त्यानंतर, जानेवारी १९६७ मध्ये घडली.

भारताशी धागा

आपल्या देशातही या कलेची परंपरा डिस्नीच्या प्रसिद्धीपूर्वीची आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात काड्यापेटीतील काड्यांना एकेक चौकट घेत नाचविले. १९३४ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने ‘द पी ब्रदर्स’ हा व्यंगपट काढला. १९५६ मध्ये डिस्नीच्या चित्रशाळेत काम केलेला क्लेअर वीक्स हा चलच्चित्रकार मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये शिकविण्यासाठी आला. त्याच्या मार्गदर्शनाखाली तरुण भारतीय चित्रकारांनी जातककथेवरील ‘द बनियन डिअर’ हा चित्रपट १९५७ मध्ये पूर्ण केला. त्यांपैकी राम मोहन हे पुढे भारतीय चलच्चित्रकलेचे एक अध्वर्यू ठरले.

सारांश, वॉल्ट डिस्नी हा स्पेनमधून गुप्तपणे आणलेला राजबिंडा बालक नव्हता, मिकीचा एकमेव चित्रकार नव्हता आणि आपल्या कलेचा आद्य प्रवर्तकही नव्हता. तो एका कष्टाळू सुताराचा मुलगा होता. इतरांनी लावलेले शोध ओळखण्याची, त्यांची सांगड घालण्याची आणि शेकडो कलावंतांकडून त्यांना पूर्णत्वास नेण्याची शक्ती त्याच्यापाशी होती. ही थोरवी खरी आहे आणि तिला दंतकथेच्या आधाराची गरज नाही.

विद्यार्थ्यांनी या प्रकरणातील तपासाची रीत ध्यानात ठेवावी. कोणताही दावा कानी आला तर तो प्रथम कोणी व केव्हा केला, त्याला समकालीन कागदाचा आधार आहे काय, जो कागद नाही तो असावयास हवा होता काय, आणि ‘पहिला’ या शब्दाचा नेमका अर्थ काय, हे विचारावे. ज्यांना प्रयोग करावयाचा असेल त्यांनी वहीच्या चोवीस पानांच्या कोपऱ्यांत एकच चेंडू थोडाथोडा सरकवून काढावा आणि अंगठ्याने पाने भराभर सोडावीत. चेंडू उडू लागेल. रेनो, मके, रायनिगर, फाळके, आयवर्क्स व डिस्नी या सर्वांनी ज्या तत्त्वावर आपली कला उभारली, ते असे प्रत्येकाला स्वतःच्या वहीत पडताळून पाहता येते.